कोयत्यावर गेलेल्यांची पीक पाहणी

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे. जमीन हलकी, मुरमाड. खरिपात सोयाबीन, कापूस, तूर. रब्बीत ओल राहील तेवढी ज्वारी आणि हरभरा. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूरकडं, कुणी थेट बेळगावकडं. माझे मालक पिठाची गिरणी चालवतात, म्हणून आम्ही दोघं गावातच असतो. थोरले दीर आणि जाऊबाई कोयत्यावर जातात. मी बचत गटाची सचिव आहे. फोनवरचं काही काम असलं की बाया माझ्याकडं येतात.

ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये काय काय सोयी व्हाव्यात, हे आम्ही गावातून लिहून दिलं. ते काम कसं झालं, कुठं अडलं आणि कशाचा उपयोग झाला, तेवढं इथं सांगते.

हे ॲप १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालं. त्याआधी सातबाऱ्यावर पीक लावायचं काम तलाठी भाऊसाहेबांचं होतं. सातबाऱ्यातला बारा नंबरचा नमुना म्हणजे पिकांच्या नोंदीचाच. एका तलाठ्याकडं अनेक गावं असली की प्रत्येक गटात जाऊन बघणं एका माणसाला होण्यासारखं नव्हतं. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पीक नोंदवायचं, फोटो काढायचा आणि पाठवायचा. मला ही गोष्ट पहिल्यापासून पटली. आपल्या रानात काय पेरलंय ते आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

काम तसं अवघड नाही. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं. नाव, खाते नंबर किंवा गट नंबर टाकून खातेदार शोधायचा. मोबाइलवर चार आकडी संकेतांक येतो, तो टाकायचा. मग गट, हंगाम, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन, लागवडीची तारीख भरायची. शेवटी पिकाचा फोटो. बांधावरची झाडं नोंदवायला वेगळी जागा आहे. आमच्याकडं बांधाबांधाला सीताफळ आहे, त्यामुळं ती जागा बघून म्हातारी माणसंसुद्धा खूश झाली होती.

अडचणी आल्या त्या शेतात गेल्यावर. आमच्या शिवारात दरीच्या अंगाला रेंज नाही. भरलेली माहिती फोनमध्ये साठून राहते आणि गावात आल्यावर अपलोड करता येते, हे कळायला बराच वेळ गेला. कळल्यावरही घोळ व्हायचाच. माणूस शेतात फोटो काढायचा, घरी यायचा, भाकरी खाऊन दुसऱ्या कामाला लागायचा. अपलोड राहून जायचं. त्याला वाटायचं, झालं काम. मुदत संपल्यावर कळायचं की नोंद झालेलीच नाही.

दुसरी अडचण मापाची. गावात सगळा हिशेब एकर-गुंठ्यात चालतो आणि ॲपमध्ये क्षेत्र हेक्टर-आरमध्ये टाकावं लागतं. एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ०.४० हेक्टर. हे एकदा डोक्यात बसलं की सोपं आहे. पण ज्यानं जन्मभर एकरच मोजले, तो अडीच एकराला २.५० टाकतो. ॲप म्हणतं, एवढं क्षेत्र शिल्लक नाही. मग तो माणूस चिडतो, मुलगा चिडतो आणि फोन खिशात जातो.

तिसरी अडचण सामाईक खात्याची, आणि ही सगळ्यात वाईट. वडील वारले, तीन भावांची नावं एका सातबाऱ्यावर लागली, वाटण्या तोंडी झाल्या. थोरला भाऊ शेतात गेला आणि सगळं क्षेत्र सोयाबीन म्हणून भरून आला. धाकट्यानं कापूस लावलाय, पण त्याला भरायला आता क्षेत्रच उरत नाही. आमच्या गल्लीत यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं होतं. यावर उपाय एकच. फोन हातात घेण्याआधी भावांनी ओसरीवर बसून कुणी किती आर भरायचं ते कागदावर मांडायचं. आम्ही नंतर तसंच करायला लागलो.

१ ऑगस्ट २०२२ ला ॲपची दुसरी आवृत्ती आली. त्यात केलेली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करायची सोय होती. मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं लावता येऊ लागली. सोयाबीनमध्ये तुरीची तासं घेणाऱ्या आमच्यासारख्यांना ते फार बरं झालं. आपण गटाच्या मध्यापासून किती लांब उभे आहोत तेही दिसू लागलं. मदतीचं बटण आलं. अभिप्राय द्यायला जागा आली. गावातल्या कुठल्या खातेदाराची पाहणी झाली ते बघायची सोय झाली. लोकांनी सांगितलेलं ऐकून बदल केलेत, हे ते बघूनच कळत होतं. आपणही सांगितलं पाहिजे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. पण वाटलं तेवढंच. सांगणं झालं दोन वर्षांनी, आणि तेही एका वेगळ्या कारणानं.

२०२३ चा खरीप आमच्याकडं वाईट गेला. पाऊस ओढला, सोयाबीनच्या शेंगा भरल्या नाहीत, कापूस गुडघ्याच्या वर गेला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी शासनानं राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यात बीड जिल्ह्यातले धारूर, अंबाजोगाई आणि वडवणी होते. त्या हंगामात गावातल्या बऱ्याच जणांनी पीक पाहणी केलीच नाही. जाऊबाईंच्या नावावर तीन एकर आहे. त्या म्हणाल्या, “करपल्या पिकाचा कसला फोटो काढायचा?” दीर मुकादमाच्या उचलीची जुळवाजुळव करत होते. दोघं लवकरच टोळीबरोबर निघून गेले.

पुढच्या वर्षी शासनानं २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापसासाठी अर्थसाहाय्य जाहीर केलं. हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. वीस गुंठ्यांच्या आत असेल तर सरसकट १ हजार. अट अशी की त्या हंगामात ई-पीक पाहणी केलेली असावी. यादी ग्रामपंचायतीत लागली. आमचं नाव होतं. जाऊबाईंचं नव्हतं. आमच्या दोघींच्या रानात एक बांध आहे, अलीकडं आमचं सोयाबीन होतं, पलीकडं त्यांचं. सारखंच करपलेलं.

“माझं बी सोयाबीनच होतं की गं,” त्या म्हणाल्या.

मला उत्तर देता आलं नाही. पुढं सातबाऱ्यावर पीक लागलेलं असेल तरी चालेल, अशी सवलत आली. त्यात गावातल्या काही जणांचं काम झालं. जाऊबाईंच्या सातबाऱ्यावर त्या हंगामाचा रकाना कोराच होता. सहा हजारांच्या आसपास रक्कम त्यांना मिळाली असती. आमच्या खात्यावर पैसे आले तो मेसेज मी त्यांच्यासमोर वाचला नाही. घरात एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांत असं काही लपवावं लागलं, ते मला अजून खुपतं.

यादी लागल्यापासून पारावर रोज तोच विषय. कुणी म्हणायचं ॲप बंद करा, पूर्वीसारखं तलाठ्यानंच पीक लावावं. कुणी म्हणायचं सरकारला द्यायचंच नाही. ग्रामसभेत तसा अर्ज द्यायचं ठरत होतं. एका वडीलधाऱ्या आबांनी तो लिहूनही आणला. “ॲप चालत नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.” मी तो वाचला आणि मला वाटलं, हा कागद ज्याच्या टेबलावर जाईल त्यानं नेमकं काय करायचं? त्याच्या फोनवर तर ॲप चालत असणार.

२ ऑक्टोबर २०२४ ची ग्रामसभा जवळ आली होती. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, आमच्याकडं आम्ही ती खरंच भरवतो. त्या सभेत मी हा विषय काढला. शिवाय दिवाळी महिन्याभरावर होती. टोळ्या निघून गेल्या की ज्यांना खरी अडचण आली तीच माणसं गावात राहणार नव्हती. जो गावात राहतो, ज्याच्याकडं चांगला फोन आहे, त्याची नोंद होऊनच जाते. तो सूचना कशाची करणार? आणि ज्याची नोंद राहते तो फडावर असतो, त्याला विचारायला कुणी जात नाही.

म्हणून आम्ही गटातल्या बाया संध्याकाळी घरोघर गेलो. एक दोनशे पानी वही घेतली. तुम्हाला काय अडचण आहे, असं विचारलं की लोक एकच सांगायचे, “चालत न्हाई.” मग आम्ही विचारायची पद्धत बदलली. म्हणायचो, फोन काढा, आमच्यासमोर करून दाखवा. मग नेमकं दिसायचं. कुणाचा फोन इतका भरलेला की फोटोच साठत नाही. कुणाचं सातबाऱ्यावरचं नाव वेगळं लिहिलंय, म्हणून नावानं शोधून खातेदार सापडत नाही. गट नंबरानं शोधला की लगेच सापडतो. कुणाला हेक्टरचा घोळ. कुणी आधीच्या वर्षी शेतात माहिती भरून आलेला, पण अपलोड कधी दाबलंच नव्हतं.

वहीत प्रत्येकासाठी एक पान. गट नंबर, कुठल्या पानावर अडलं, स्क्रीनवर काय शब्द आले ते जसेच्या तसे, आणि त्या माणसाच्या मते तिथं काय असायला हवं होतं. हे शेवटचं आम्ही मुद्दाम विचारायचो. लोक आधी गोंधळायचे. “आम्ही काय सांगणार त्यात?” पण थोडा वेळ दिला की सांगायचे, आणि फार चांगलं सांगायचे. क्षेत्र भरताना खाली एकर-गुंठेही दिसावेत, ही सूचना एका बाईंची. अंगठा लावणाऱ्या आहेत त्या. त्या म्हणाल्या, “दोन्ही आकडे दिसले तर मला कळंल तरी, पोरगं बरोबर भरतंय का न्हाई.”

सगळ्यात कामाची सूचना यादीबद्दलची निघाली. ॲपमध्ये गावातल्या कुणाची पाहणी झाली ते दिसतं. पण आम्हाला हवं होतं उलटं. कुणाची राहिली आहे तेवढीच नावं वेगळी दिसावीत आणि त्यांचा कागद काढता यावा. तो कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला, तर शेजारीच एकमेकांना सांगतील. आमच्याकडं फोनवरचा मेसेज कुणी वाचत नाही, पण फळ्यावर आपलं नाव लागलंय हे संध्याकाळपर्यंत घरी पोचतं.

आणि कोयत्याची सूचना. त्या वर्षी रब्बीची पाहणी १ डिसेंबरला सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः करायची मुदत १५ जानेवारीपर्यंत होती. हे दिवस म्हणजे गाळपाचा भर. आमच्या लोकांनी ज्वारी पेरून घर सोडलेलं असतं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ते परत येत नाहीत. तोवर ज्वारी काढूनही झालेली असते. आम्ही लिहिलं की ज्या गावांतून ऊसतोड मजूर जातात तिथं खातेदाराला जाण्याआधीच गावातल्या एका माणसाचं नाव ॲपमध्ये देता यावं, आणि त्या माणसानं केलेली नोंद खातेदाराला फोनवर कळावी. तसं दुसऱ्याच्या मोबाइल नंबरावरून नोंद आताही करता येते. पण फडावर असलेल्या माणसाला आपल्या सातबाऱ्यावर काय लागलं ते कळत नाही. ते कळावं, एवढंच मागणं होतं.

ग्रामसभेत वही वाचून दाखवली आणि त्यातल्या सूचनांचा ठराव मांडला. ॲप बंद करा म्हणणारे आबा शेवटपर्यंत बसून होते. त्यांनीच ठरावाला अनुमोदन दिलं. मला ते फार मोलाचं वाटलं.

ठराव घेऊन आम्ही तालुक्याला तहसील कार्यालयात गेलो. तिथल्या आवक-जावक टेबलावरच्या ताईंनी आमचा कागद वाचला आणि एक गोष्ट सांगितली, ती मी सगळ्यांना सांगत असते. त्या म्हणाल्या, हे सगळं एका अर्जात घालू नका, याचे तीन अर्ज करा. ॲपमधला बदल तालुक्याच्या हातात नसतो. तो पुण्याला जमाबंदी आयुक्तांच्या कार्यालयाकडून होतो. सातबाऱ्यावरच्या नावातली दुरुस्ती तलाठ्याकडून सुरू होते, त्याला कागदपत्रं लागतात. आणि यादी फळ्यावर लावायची तर ते ग्रामपंचायत आणि तलाठी मिळून उद्याच करू शकतात, त्याला कुणाची परवानगी नको. तिन्ही एका कागदात असतील तर सगळ्यात अवघड गोष्टीसाठी बाकीच्या दोन अडून बसतात.

आम्ही तिथंच बाकावर बसून तीन अर्ज लिहिले. प्रत्येकाच्या दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. ज्या स्क्रीनबद्दल लिहिलं तिचा फोटो छापून मागं जोडला. छपाईचे पैसे गटाच्या किरकोळ खर्चातून घातले आणि ते वहीत लिहिले.

यादीचं काम खरंच लगेच झालं. ॲपमधून तशी यादी काढता येत नव्हती, म्हणून दोन कॉलेजच्या पोरांनी फोनवर नावं बघत हातानं राहिलेल्यांची यादी केली. भाऊसाहेबांनी ती तपासून दिली. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून भाऊसाहेबच. यादी फळ्यावर लागली आणि त्याच संध्याकाळी गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बाया विचारायला लागल्या, आमचं नाव कसं काय आहे त्यात?

टोळ्या निघायच्या आधी आम्ही आणखी एक केलं. जाणाऱ्या प्रत्येक घराचं वहीत पान उघडलं. खाते नंबर, गट नंबर, कुठल्या गटात किती ज्वारी, किती हरभरा, कुठला तुकडा पड ठेवला, पेरणीची तारीख, आणि गावात कुणी नोंद करायची त्याचं नाव. खाली त्यांची सही किंवा अंगठा. याला कायद्यानं काही अर्थ नाही, हे मला माहीत आहे. पण पुढं भावाभावांत वाद नको म्हणून ते हवं होतं.

त्या रब्बीत गावोगाव सहायकही नेमले होते. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेली पाहणी त्यांनी करायची होती. आमच्या गावच्या सहायकाला मी वही दाखवली. त्याला नवल वाटलं. त्याला गटाच्या हद्दी ॲपमधून दिसत होत्या, पण आत कुणी काय पेरलं आणि सामाईक खात्यात कुणाचा तुकडा कुठला, हे कुणाला विचारायचं असा त्याला प्रश्न होता. घरांना तर कुलपं होती. वही घेऊन तो आणि मी बरीच रानं हिंडलो. ॲपच्या नव्या पद्धतीत शेताजवळ गेल्याशिवाय फोटो घेता येत नाही, त्यामुळं घरबसल्या कुणाची नोंद उरकण्याचा प्रश्नच नव्हता. चालून पाय दुखले, पण ज्वारी पोटरीत आलेली होती आणि वर्षभरानं तसं रान बघून बरं वाटलं.

जाऊबाईंच्या ज्वारीची नोंद मी स्वतः डिसेंबरातच केली. माझ्याच नंबरावर. रात्री त्यांना फोन लावून सांगितलं. त्या मोळ्या बांधून नुकत्या खोपीवर आल्या होत्या. त्यांनी आधी विचारलं, “सातबाऱ्यावर माझंच नाव हाय न्हवं?” मी हो म्हणाले. मग म्हणाल्या, फोटो पाठव. मी पाठवला.

आता राहिलेल्या गोष्टी. नावदुरुस्तीचे काही अर्ज मार्गी लागले, काही कागदांसाठी थांबले आहेत. मृत माणसाचं नाव सातबाऱ्यावर असेल तर आधी वारसाची नोंद लागते. हे काम ऑगस्टच्या पाहणीच्या तोंडावर काढू नये, उन्हाळ्यात सुरू करावं. एकर-गुंठ्याची आणि राहिलेल्या नावांच्या यादीची सूचना आम्ही ॲपमधल्या अभिप्रायाच्या जागेतही लिहिली, वेगवेगळ्या फोनवरून. प्रत्येकानं आपल्या शब्दांत लिहायचं ठरवलं होतं. एकाच मजकुराचे वीस अभिप्राय म्हणजे एकच माणूस, असं वाचणाऱ्याला वाटू शकतं.

आता वहीत एक नवं पान आहे, पावसाचं. पीक पाण्यात गेलं तर फोटोत ते दिसतं, पण नोंद करताना पिकाची अवस्था लिहायला जागा हवी, असं बऱ्याच जणांनी सांगितलंय. २०२३ ला करपलेल्या पिकाचा फोटो काढायला लोकांना लाज वाटली होती. तशी जागा असती तर त्यांनी तो काढला असता, असं जाऊबाईंचं म्हणणं आहे. येत्या २ ऑक्टोबरच्या आधीच्या महिला सभेत ही सूचना त्या मांडणार आहेत. दिवाळीनंतर त्या फडावर असतील, म्हणून तिचा अर्ज त्याच आठवड्यात, वेगळा, दोन प्रतींत द्यायचा असं ठरलं आहे.